पंपाचं घरकुल

आमच्या खोऱ्यात उघड्यावर कुणी काही ठेवत नाही. गाई गोठ्यात, ट्रॅक्टर छपराखाली, लाकडं पडवीत, होडी उलटी करून ताडपत्रीत. सप्टेंबर सरला की जे जे श्वास घेतं आणि जे जे कामाला येतं ते आत घ्यायचं, हे इथल्या पोरांना बोलायला यायच्या आधीच कळतं. त्यामुळे माझ्या वडिलांनी हीट पंपासाठी घर बांधायला घेतलं तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट बरंच वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्या हातात करवत दिसली होती.

शेत माझ्या नावावर झालं तेव्हा आईबाबा अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहायला गेले. इथे तसंच करतात, मोठं घर पोरांना आणि छोटं म्हाताऱ्यांना. त्या ओंडक्यांच्या घरात लाकूड जाळायची लोखंडी भट्टी होती आणि ती भट्टी म्हणजे माझे बाबा. हाल्वोर नावाचा माणूस आणि ती भट्टी वेगळी काढून दाखवा म्हटलं असतं तर आईलाही जमलं नसतं. आई जागी व्हायच्या आत उठायचं, भट्टी पेटवायची, कॉफी चढवायची, आणि खोली तापली की मगच आईला हाक मारायची. लग्न झाल्यापासून हा नेम कधी चुकला नाही. लाकूड कापायचं, फोडायचं, वाळवायचं, रचायचं, सगळं त्यांचंच. त्यांनी रचलेली लाकडाची भिंत बघायला लोक गाडी हळू करायचे आणि बाबा मुद्दाम तिकडे पाठ करून उभे राहायचे.

मग आईच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकात नळी आली, कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र आलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की या घरात आता काडीसुद्धा ओढायची नाही. प्राणवायू आणि विस्तव एका खोलीत नको. भट्टी बंद झाली. माझ्या घरीही दोन्ही भट्ट्या लाकडाच्याच, म्हणजे आईला माझ्याकडे आणायचीही सोय उरली नाही. विजेचे हीटर लावून पाहिले तर त्या जुन्या घराचा फ्यूज उडायचा आणि आईचं यंत्रही बंद पडायचं. शेवटी हीट पंप बसवला. एक पेटी आत भिंतीवर, एक बाहेर बर्फात. बाहेरची पेटी एवढ्या थंडीतूनही ऊब ओढून घेते आणि आतली ती खोलीत सोडते. ओद नावाचा माणूस येऊन तो बसवून गेला. बाबा त्या वेळी लाकडाच्या पडवीत रुसून बसले होते.

त्यानंतरचा नोव्हेंबर मला आठवतो. बाबा थंड भट्टीसमोर खुर्ची घेऊन बसायचे. दाढी नाही, जेवण नाही. आई म्हणायची, "हाल्वोर, खिडकीत तरी बस, तिथून निदान रस्ता दिसतो." बाबा म्हणायचे, "रस्ता पाहिलाय मी."

आणि एक दिवस ते उठले, बाहेर गेले, आणि बर्फात घुमणाऱ्या त्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिले. आत येऊन म्हणाले, "एवढी राबते बिचारी. आणि आपण तिला उघड्यावर ठेवलीय."

त्यांनी बांधलेलं घरकुल खरंच सुरेख होतं. चार पाय, वर उतरतं छप्पर, लाल रंग, कोपऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या, अगदी आमच्या मोठ्या घराची बाळप्रत. एक खिळा नाही, सगळं खाचेत खाच. समोर आडव्या पट्ट्या, मधे हात जाईल एवढी फट. अशी छपरं खोऱ्यात घरोघरी आहेत आणि त्यांनी पंपाचं काही बिघडत नाही. पोस्टवाल्यानं फोटो काढला. बाबांनी दाढी केली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि गाईंच्या मागे लागले, कारण माझ्या गोठ्यात त्या दिवसांत एकामागून एक वासरं होत होती.

जानेवारीत थंडी उतरली. आमच्याकडे तीस म्हटलं की शून्याखालीच समजतात, वेगळं सांगावं लागत नाही. नाकातले केस काड्यांसारखे होतात, बर्फ पायाखाली काचेसारखा कुरकुरतो. एक दिवस दुपारी मी आईकडे वाफल आणि त्यावर घालायचं तपकिरी चीज घेऊन गेले, तर आई आरामखुर्चीत दोन लोकरी स्वेटर, वर शाल, आणि डोक्याला टोपी घालून बसलेली.

"कुठे निघालीस?" मी म्हटलं.

"नाचायला," आई म्हणाली. "तुझे बाबा नेत नाहीत म्हणून एकटीच."

"आई, घरात गारठा आहे."

"मला नाही वाटत. तू गोठ्यातून येतेस, तुला गाईंच्या उबेची सवय. ते तपकिरी चीज दे इकडे, एवढं पातळ कापतेस, कंजूष झालीस अगदी."

तिचा आवाज नेहमीचाच होता, पण मधे मधे श्वास घ्यायला थांबत होती. भिंतीवरच्या पेटीतून हवा येत होती खरी. मी हात धरून पाहिला. फुंकर घातल्यासारखी कोमट.

बाबा बाहेर होते. मी वळसा घालून गेले तर ते घरकुलासमोर गुडघ्यांवर बसून फटींमधे शेवाळ आणि लोकर ठासत होते. समोरच्या पट्ट्यांच्या जागी आता घट्ट बसणारं दार होतं आणि दाराच्या आत आईनं विणलेली जुनी चिंध्यांची सतरंजी.

"बाबा, हे काय चाललंय?"

"गारठलीय ती," बाबा म्हणाले. "ऐक जरा."

मी ऐकलं. आतून घरघर, मग थांबणं, मग सुस्कारा, मग पुन्हा घरघर.

"यंत्र आहे ते. त्याला थंडी वाजत नाही."

"वाजत नाही तर धापा का टाकतंय? थंडी वाढली तशी मी पहिल्यांदा वरची फट बुजवली. मग खालची. आज दार लावलंय. उद्या पाठीमागे लाकडाचा भुसा भरतो, मग बघ कशी तापते खोली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईला ऊब मिळायला हवी, राग्नी."

दूध काढायची वेळ झाली होती, मी गोठ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघणारी नर्स, वेन्के, आली. वेन्के तोंडावर गोड आणि कामात कडक. तिनं आईची बोटं हातात घेतली, नखं पाहिली, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. चौदा अंश.

"सिग्ने, हे असं चालायचं नाही," ती म्हणाली. "एवढ्या गारठ्यात तुझी फुप्फुसं टिकणार नाहीत. मी शुक्रवारी परत येते. तोवर खोली वीसपर्यंत गेली नाही तर मी तुला खाली गावातल्या वृद्धाश्रमात हलवणार. गाडी बरोबरच घेऊन येईन."

"थोड्या दिवसांसाठी?" बाबांनी विचारलं.

वेन्केनं पिशवी आवरली. आमच्याकडे याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. या खोऱ्यातून त्या इमारतीत गेलेली माणसं खिडकीतून हात हलवताना दिसतात, परत आलेली दिसत नाहीत.

बाबा टोपी घालून उठले. "भुसा आजच भरतो," म्हणाले, आणि पायानं रेटायची घसरगाडी घेऊन शेजारच्या लाकूड गिरणीकडे निघून गेले.

मी ओदला फोन लावला. चांगल्या शिव्या घालायच्या तयारीनंच लावला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "बाहेरच्या पेटीवर काही झाकलंय का?"

"घरकुल आहे. बाबांनी केलंय."

"समोरून उघडं?"

"आता नाही."

तो सांगायला लागला. ती पेटी हवेतली ऊब काढून घेते, म्हणून तिच्या तोंडून निघते ती हवा बाहेरच्या हवेपेक्षाही गार असते. ती कोंडली की पेटी आपलीच टाकलेली गार हवा परत आत ओढते. मग तिच्यावर बर्फ चढतो, बर्फ वितळवण्यातच तिची शक्ती जाते, आणि घराला काही उरत नाही. "जेवढं झाकाल तेवढी गारठेल," तो म्हणाला. "हे मी बसवतानाच सांगितलं होतं की. समोर दोन हात मोकळं ठेवा म्हणून."

"कुणाला सांगितलंस?"

"तुझ्या आईला."

मी फोन ठेवला आणि आईसमोर जाऊन उभी राहिले. काही बोलायच्या आधीच तिनं माझा चेहरा वाचला.

"ओद बोलला वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं. फुप्फुसं गेलीत, कान नाही."

"आई, तू इथे कुडकुडत बसलीस आणि ते बाहेर तुझ्यासाठी म्हणून ती पेटी गोधडीत गुंडाळताहेत! एक वाक्य बोलायचं होतं!"

आईनं शाल ओढून घेतली. बोलायला तिला वेळ लागत होता आणि मी मधे पडले नाही.

"नोव्हेंबरात ते कसे बसायचे, पाहिलंस ना तू? आयुष्यभर एकच गोष्ट केली त्यांनी माझ्यासाठी. बोलणारा माणूस नाही तो. कधी फुलं नाही आणली, कधी गोड शब्द नाही. ऊब आणली. आणि एक दिवस डॉक्टर म्हणाला, आता नको. मग ती पेटी आली. मग ते घरकुल बांधायला लागले आणि सकाळी उठायला लागले, राग्नी. जेवायला लागले. येऊन मला सांगायचे, आज कोपरा बसवला, आज रंग दिला. त्यांना मी काय सांगू? की तुम्ही बांधलेल्या घरानंच मला थंडी वाजतेय?"

"शुक्रवारी वेन्के तुला घेऊन जाईल."

"जाईन. थंडी ओसरली की येईन."

"तिकडून कोण परत येतं?"

आईनं टोपी कानांवर ओढली. मग म्हणाली, "त्यांना सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

मला राग आला. दोघांचाही आला. एक सांगत नाही आणि दुसरा विचारत नाही, आणि या प्रेमाच्या नावाखाली एक बाई गोठून मरणार. असलं प्रेम घालायचं काय चुलीत, आणि चूलही बंद! मी गोठ्यात गेले, पहार घेतली आणि थेट घरकुलाकडे निघाले. शपथ सांगायची नाही अशी होती. तोडायचं नाही अशी नव्हती.

तोडणं सोपं नव्हतंच. खिळा नाही, स्क्रू नाही, पहार घालायला फट नाही. मी दाराच्या कडेला टोक लावून जोर केला, सगळं घरकुल हललं, पण एक फळीही सुटली नाही. हातमोज्यांतून बोटं बधिर झाली. मी पुन्हा जोर केला तेव्हा मागून आवाज आला.

"असं नको. लाकूड चिरेल."

बाबा घसरगाडीवर भुशाची पोती घेऊन उभे होते. भुवयांवर दंव साचलेलं. रागावले नव्हते, फक्त कुणी आपलं हत्यार चुकीचं धरलंय असं बघत होते.

"काय झालंय?"

मी सांगितलं. ओदनं सांगितलेलं जसंच्या तसं. आईचं नाव मी घेतलं नाही, पण बाबांनी विचारलं, "हे त्यानं तेव्हा का नाही सांगितलं?" आणि मला पटकन खोटं सुचलं नाही. मी खाली बघितलं, तेवढंच पुरलं त्यांना.

ते आत गेले. बूट न काढता. बूट घालून घरात शिरलेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते. मी मागोमाग गेले. ते आईच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि बुटांवरचा बर्फ आईच्या पुसलेल्या फरशीवर पडला. तो लवकर वितळतही नव्हता, एवढी ती खोली गार होती.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि थंडी वाजत होती."

आईनं टोपी काढली. का कोण जाणे. केस विस्कटलेले होते, ते तिनं हातानं सारखे केले. "हो," म्हणाली. "वाजत होती."

"इतके हिवाळे गेले. एकदा तरी थंडीत उठलीस तू?"

"नाही, हाल्वोर. एकदाही नाही."

"मग मला सांगायला काय झालं होतं?" बाबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी काय पोर आहे? माझं खेळणं मोडेल म्हणून गप्प बसलीस? मी रोज येऊन विचारत होतो, ऊब येतेय का. तू हो म्हणायचीस. म्हणून मी आणखी झाकायचो. तुला गारठवायचं काम तू माझ्याच हातानं करून घेतलंस."

आतापर्यंत मला वाटत होतं की इथे एकच माणूस थंडीनं हैराण आहे.

बाबा बाहेर गेले आणि त्यांनी घरकुल सोडवलं. आधी छपराची एक पट्टी सरकवली, मग कोपऱ्याची खुंटी, मग दुसरी. ते कुठून सुरू करायचं हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. प्रत्येक फळी ते नीट बाजूला ठेवत होते. आतली पेटी दिसेनाशीच झाली होती, बर्फाचा ठोकळा नुसता. मी फळ्या उचलू लागले तर म्हणाले, "राहू दे." जरा वेळानं पेटी धडधडली, थांबली, आणि तिच्यातून वाफेचा मोठा ढग निघाला. बर्फ तडतडत सुटायला लागला. बाबा त्या ढगात उभे होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

शुक्रवारी वेन्के आली तेव्हा खोलीत एकवीस होतं. "असं हवं," ती म्हणाली आणि गाडी रिकामी परत नेली. मी गोठ्यात जाऊन एका गाईच्या मानेला मिठी मारून रडले, आणि माझा जीव किती टांगणीला लागला होता ते तेव्हा मला कळलं.

पण घर पहिल्यासारखं झालं नाही. बाबा सकाळी उठायचे, दाढी करायचे, जेवायचेही. त्या बाबतीत आईची भीती खोटी ठरली. पण आई काही म्हणाली की ते आधी भिंतीकडे बघायचे. "आज छान उबदार आहे," आई म्हणायची, आणि बाबा उठून थर्मामीटरशी जायचे, चष्मा लावायचे, बघायचे आणि परत येऊन बसायचे. तिला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, ऊब येतेय का. आयुष्यभराचा प्रश्न होता तो त्यांचा. आता तो काचेच्या नळीला विचारत होते. आईला ते दिसत होतं. एकदा मी भांडी पुसत असताना ती हळूच म्हणाली, "माझ्यावरचा विश्वास उडाला त्यांचा." मी म्हटलं, "उडणारच. आता बस कमावत." मी तशीच बोलते. नंतर वाईट वाटतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी दुपारची कॉफी घेऊन गेले. बाहेर ऊन होतं, थंडी थोडी मऊ झाली होती, पेटी उघड्यावर एका लयीत घुमत होती. बाबा खिडकीत बसून खुंट्या तासत होते, कशासाठी ते त्यांनी सांगितलं नव्हतं. आई खुर्चीत डोळे मिटून होती. मला वाटलं झोपलीय.

"हाल्वोर," ती म्हणाली. "मला थंडी वाजतेय."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. बावीस.

मला वाटलं, झालं, आता ही उलटं खोटं बोलायला लागली, त्यांना काहीतरी काम मिळावं म्हणून. बाबांनाही तेच वाटलं असणार. ते हातातली खुंटी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले. आईनं डोळे उघडले नाहीत.

मग ते उठले. थर्मामीटरकडे गेले नाहीत. तिच्यासमोर खाली बसले, त्या वयात गुडघे वाजवत, आणि तिचे लोकरी मोजे काढून पाय हातात घेतले. मी जवळ गेले, हात लावून पाहिला. त्या बावीसच्या खोलीत ते पाय दगडासारखे गार होते, आणि बोटांशी निळे.

"वेन्केला बोलवते," मी म्हटलं.

"बोलव," बाबा म्हणाले. त्यांनी आपला स्वेटर वर केला, सदरा वर केला, आणि आईचे दोन्ही पाय स्वतःच्या पोटाशी धरले. एकदा शहारले. मग दोन्ही हातांनी ते दाबून धरले आणि बसून राहिले.

मी दाराशी फोन लावत होते. मागून त्यांचा आवाज आला.

"अजून वाजते?"

"हो," आई म्हणाली. "अजून वाजते."

"बरं," बाबा म्हणाले. "सांगत राहा."